कापसामागची सायकल

आज, सोमवारी सकाळी आठ वाजता कळसाडीतल्या एका घराच्या मागच्या खोलीतला शेवटचा कापूस ट्रॉलीत चढला आणि भिंतीला टेकलेली मी दिसले.

मित्रांनो, मी एक जुनी रेसिंग सायकल आहे. खाली वळलेले हँडल, पातळ टायर, लाल रंग. जुनी ती फक्त वयाने. माझ्या टायरांवरचे रबराचे बारीक केस अजून झिजलेले नाहीत.

भाग्येशने मला मोठ्या शहरातून आणले. दुकानदार त्याला म्हणाला होता, "आधी साधी सायकल चालवून बघा, मग ठरवा. आणि ही तुमच्या उंचीला लहान पडेल." पण भाग्येशला लालच हवी होती आणि लाल मी एकटीच उरले होते. थोडे दिवस त्याने मला शहाद्याच्या रस्त्याला नेले. त्याचे गुडघे हँडलला लागत. मग मी या खोलीत आले.

भाव येईपर्यंत कापूस इथेच राहतो. तो छताला लागला की खिडकी दिसत नाही. वजन जाणवत नाही, पण चाक बोटभरही फिरत नाही. दसऱ्याला भाग्येशची आई कौसाबाई मला पुसते, हार घालते. येणारे-जाणारे कौतुक करतात. मग नवा कापूस येतो आणि हारासकट मी झाकली जाते.

तेवढ्यात भाग्येशची चुलत बहीण चेतना आली. ती शहाद्याच्या शाळेत शिकवते. पावसाळ्यापासून वडिलांच्या काळ्या साध्या सायकलवर रोज जाते. धाप लागली, पंक्चर झाले, तरी तिने सोडले नाही. आता तिला वेगाची सायकल हवी आहे, पण नवी तिच्या पगारात बसत नाही. तिने माझ्यावरून पाय टाकला. दोन्ही पाय जमिनीला नीट टेकले.

"दादा, हाई मले दी दे. दाम देसू."

"इकानी नही. सकायपाईन मी चालाडसू," भाग्येश म्हणाला. मला विकायचे नव्हते; 'सकाय'पासून, म्हणजे उद्यापासून, तो चालवणार होता.

"तुन्ही सकाय कवय येई?"

कौसाबाई दारातून म्हणाली, "दर दसराले हार घालस मी तिले. आखो काय पाहिजे?"

"मोठी माय, हार ते फोटोले बी घालतस."

कौसाबाईला हसू आवरेना. भाग्येशचे कान लाल झाले.

"शहादाले जाई ये," चेतना म्हणाली. "जाई उना ते तुन्ही. नही ते मन्ही." जाऊन आला तर मी त्याची, नाहीतर तिची.

"आते?"

"आते!"

मित्रांनो, पहिली सायकल घेताना रंग शेवटी पाहा. आपण रोज खरेच चालवणार का, हे आधी स्वतःला विचारा. मग माप, मग खिसा. जमले नाही, तर चालवणाऱ्याला द्या. नुसते पुसून आमची निगा राहत नाही. उभ्या जागी साखळी गंजते, टायर तडकतात.

आत्ता मी अंगणात आहे. हवा भरून झाली आहे. चेतना फाटक उघडून बाजूला उभी आहे. भाग्येश माझ्यावर बसला आहे. त्याचा एक पाय पेडलवर आहे, दुसरा अजून जमिनीवर.