पुढे ढकललेली संध्याकाळ

आमच्या तळघरातल्या ऑफिसला एकही खिडकी नाही. औषधांच्या लेबलांवरची मुंगीएवढी अक्षरं आम्ही तिथे तपासतो. जुन्या ट्यूबखाली सगळ्यांचे डोळे चुरचुरायचे, म्हणून साहेबांनी नवे दिवे घ्यायचं ठरवलं आणि निवड माझ्या गळ्यात घातली. "तुमची नजर तरुण आहे."

दिवेवाल्याने नमुने लावून दाखवले. एक दवाखान्यासारखा पांढराफटक, एक झोप आणणारा पिवळा. तिसरा दिवसभर पांढरा राहायचा आणि सहाच्या सुमाराला हळूहळू केशरी व्हायचा, बाहेरच्या उन्हासारखा. मी त्याच्यावरच बोट ठेवलं. भिंतीवर घड्याळ होतं, पण ते बघून आधी उठायची कुणाची छाती नव्हती. माझी लेक पाळणाघरात, तेही साडेसहापर्यंतच. उजेडच म्हणाला निघा, तर कोण अडवणार?

पहिले काही दिवस मजेत गेले. टेबलावर केशरी उजेड उतरला की मामा, म्हणजे आमच्यातले सगळ्यात जुने तपासनीस, चष्म्याची डबी टपकन मिटायचे. "चला, बुडाला सूर्य." सगळे उठायचे. मी पोचायचे तेव्हा लेक खेळातच असायची. वर मलाच दटावायची, "थांब ना गं."

साहेब जिन्यात उभे राहून आमचं उठणं बघत होते, याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

एका सोमवारी सहा वाजले तरी उजेड पांढराच. मामा डबी उघडत होते, मिटत होते.

"बिघडला वाटतं दिवा," मी म्हटलं.

"छे, बिघडतोय कशाला." साहेबांनी खिशातला रिमोट दाखवला. "काम साचलंय, म्हणून संध्याकाळ जरा पुढे ढकलली. दिवे मात्र झकास निवडलेत हो तुम्ही. कुणी जांभईसुद्धा देत नाही."

मान वर केली की भर दुपार. अशा उजेडात पर्स उचलायची म्हणजे चोरी केल्यासारखं वाटायला लागलं.

"जा की," मामा कुजबुजले. "लेकरू वाट बघत असेल."

"तुम्ही उठा ना आधी."

"मी उठलो तर मला कायमचंच उठवतील, बाई."

दिवा केशरी झाला तेव्हा मी धावत सुटले. बाहेर काळोख. पाळणाघराच्या मावशी कुलूप हातात घेऊन उभ्या, आणि लेक पायरीवर, दप्तर पाठीला लावून. रडून झालं होतं तिचं.

"मी तर कधीचे बूट घातलेत," ती म्हणाली.

मंगळवारी सहाला परत पांढराच उजेड. मी पर्स उचलली.

"हाफ डे का?" साहेब हसत म्हणाले.

"सहा वाजले, साहेब."

"इथे अजून नाही वाजले."

"लेकीने बूट घातले असतील," मी म्हटलं आणि जिना चढायला लागले. वळणावर जरा थांबले, मागून डबी मिटल्याचा आवाज येतो का म्हणून.

नाही आला.

दार ढकललं. रस्त्यावर केशरी ऊन पसरलं होतं. उद्या माझी खुर्ची जागेवर असेल की नाही, कोण जाणे. मी पाय उचलले.