प्रेमाखातर

माझ्या सासऱ्यांची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाल्याचं कळलं आणि आठवड्याच्या आत घरातल्या बाकीच्यांच्या तब्येती ढासळल्या. माझा मेहुणा रोज व्यायामशाळेत जाऊन आरशात स्वतःचे दंड बघून येतो, त्याची पाठ धरली. मधल्या काकांना साखर निघाली. ती बरीच वर्षं होतीच, पण काकांनी तिचं इतकं कौतुक कधी केलं नव्हतं. आता ते तपासणीचा कागद खिशात घालूनच भावाला भेटायला यायचे. सासूबाईंचा रक्तगट जुळला नाही. ते कळल्यावर त्या रडल्या, आणि पुष्कळ दिवसांनी पोटभर जेवल्या. माझ्या बायकोची मुलं लहान होती. राहिलो मी. जावयाकडे मूत्रपिंड मागायची रीत नाही, आणि नवी रीत पाडायची मला हौस नव्हती.

सासऱ्यांना सगळेच दादा म्हणतात. त्यांचं पडद्यांचं दुकान. खाली दुकान, मागे बिऱ्हाड, आणि दुकानातूनच लोखंडी जिन्यानं वर गेलं की एक लांबट खोली. त्या खोलीत आत्या राहते. आत्या म्हणजे दादांची धाकटी बहीण. नवरा गेल्यावर शिलाई मशीन घेऊन भावाकडे आली, ती वरच राहिली. गिऱ्हाईकानं खाली कापड पसंत करायचं, दादांनी खिडकीचं माप आणायचं आणि आत्यानं वर चुण्या घालून, अस्तर लावून, रिंगा बसवून पडदा खाली पाठवायचा. बिलात शिलाई वेगळी लावलेली असते. ती गल्ल्यात जाते. आत्याला पगार नाही, कारण घरच्या माणसाला पगार देणं बरं दिसत नाही. पगार म्हटला की वाढ आली, सुट्टी आली. मायेला यातलं काहीच लागत नाही, म्हणून आमच्या घरात माया फार.

दादा आधी बाजारात गेले होते, हे सांगायला हवं. कुणाच्या तरी ओळखीनं त्यांनी एक दलाल गाठला. तो गिऱ्हाईक बनून दुकानात यायचा आणि कापडाचे नमुने चाळत भाव सांगायचा. दादांनी घासाघीस केली. माणूस चाळिशीपुढचा असेल तर किती कमी होतील, दारू पीत असेल तर आणखी किती, सगळं विचारून घेतलं. शेवटी एका हमालावर सौदा ठरला. त्या दिवशी दादा मला म्हणाले, त्या गरिबाचंही भलं होतंय, माझंही होतंय, यात वाईट काय ते सांगा. प्रश्न टाकाऊ नव्हता. चांगली शिकली-सवरलेली माणसं त्यावर भांडतात. फक्त दादांनी तो भाव पाडून झाल्यावर विचारला.

इस्पितळात डॉक्टरांनी हमालाला विचारलं, हे तुमचे कोण? हमाल म्हणाला मामा, आणि दादा त्याच दमात म्हणाले चुलतभाऊ. पुन्हा असला नातेवाईक आणलात तर पोलिसांना बोलवीन, अशी तंबी घेऊन दोघं बाहेर आले. हमालासाठी काढून ठेवलेले पैसे कपाटात परत गेले.

मग घराला आत्याची आठवण झाली.

आत्याचं सगळं जुळलं. रक्तगट जुळला, बाकीच्या तपासण्या जुळल्या, रक्तदाब तर लहान पोरीसारखा निघाला. दादांचे डोळे भरून आले. रक्ताचं ते रक्ताचंच, असं ते दिवसभर येईल त्याला सांगत होते. मेहुण्याची पाठ त्याच संध्याकाळी सुटली, आणि कपाटातले पैसे आता कशाला लागत नाहीत हे ध्यानात येऊन त्यानं एक गाडी नोंदवली. दादांना इस्पितळात न्यायला-आणायला लागेलच, म्हणाला. रंग लाल निवडला.

आत्याला रीतसर विचारायला म्हणून खाली बोलावलं. ती गळ्यात माप घ्यायची टेप आणि अंगावर दोऱ्यांचे तुकडे घेऊन आली आणि कुणी पुरतं विचारायच्या आत देईन म्हणाली. सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. तो तिथेच होता तोवर आत्या पुढे म्हणाली, "फक्त ती वरची खोली माझ्या नावावर करा."

यामागचं कारण घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मेहुण्याला वरची खोली पाडून तिथे काचेचं दालन करायचं होतं. महिन्यापूर्वी तो मिस्त्रीला घेऊन वर गेला आणि खोलीचं माप घ्यायला टेप मागितली ती आत्याकडेच. तिनं दिली. दुसरं टोकही धरलं.

"वन्सं, भावाच्या जिवाचा सौदा करता?" सासूबाई म्हणाल्या.

दादा म्हणाले, "परक्याशी बोलावं तशी बोलतेस गं माझ्याशी."

"परक्याला तर पैसे देत होतास, दादा."

मधल्या काकांनी खिशातून साखरेचा कागद काढून पुन्हा एकदा वाचला.

अशा वेळी मेहुण्याचं डोकं चालतं. त्यानं आत्याला नीट समजावून सांगितलं. इस्पितळाची एक समिती असते, ती देणाऱ्याला एकट्याला आत बसवते आणि कॅमेऱ्यासमोर विचारते, काही घेतलं का, काही घेणार आहात का? खोली नावावर केली तर ती म्हणणार, बहिणीकडून विकत घेतलं. ऑपरेशन रद्द. मग दादांनी मरायचं का? ज्या नियमानं हमालाला हाकललं होतं, त्याच नियमाच्या आडोशाला आता सगळं घर जाऊन उभं राहिलं. नियम काही वाईट नव्हता. भुकेल्या माणसाला कुणी कापून विकू नये म्हणून केलेला होता. तो बहिणीकडून फुकटात मिळवायलाही उपयोगी पडेल, हे करणाऱ्यांच्या लक्षात आलं नसावं. आमच्या घराच्या लगेच आलं.

खोलीचं नंतर बघू, असं ठरलं. आत्या एकदा कॅमेऱ्यासमोर 'काही घेतलं नाही, घेणार नाही' असं बोलली की नंतर बघायला काही उरत नाही, एवढा हिशेब मलाही कळत होता. मेहुण्याला माझ्या आधी कळला असणार, कारण त्या चित्रीकरणाची प्रत घरच्यांना मिळते का, याची चौकशी तो दोनदा करून आला होता.

मग तालमी सुरू झाल्या. दुपारी दुकान बंद असताना कापडाच्या ताग्याला मोबाइल टेकवून ठेवायचा, समोर स्टुलावर आत्या. मेहुणा समिती व्हायचा.

"काही घेतलं का?"

"नाही."

"मग का देताय?"

"प्रेमाखातर."

मेहुण्याला ते रुक्ष वाटायचं. सासूबाई सुचवायच्या, वन्सं, प्रेम म्हणताना आवाज जरा हलू दे. तिसऱ्या-चौथ्या खेपेला आत्यानं शांतपणे विचारलं, "किती हलू दे, ते माप सांगा. कमी पडलं तर जोड द्यावा लागतो, जास्त झालं तर कापावं लागतं." मला हसू आलं. बायकोनं माझ्याकडे असं पाहिलं की मी खोकल्यावर भागवलं.

समितीच्या दिवशी आत्याला मी घेऊन गेलो. दारात गाडी लावायचे पैसे घेतले. खिडकीवर नोंदणीचे घेतले. आत्याचं मन ठिकाणावर आहे की नाही हे बघणाऱ्या बाईंची फी वेगळी होती. शस्त्रक्रिया करणाऱ्यांचा आकडा तर आम्हाला आत बसवून, पाणी देऊन सांगितला गेला होता. त्यांनी घेऊ नये असं माझं म्हणणं नाही, काम करतात. पण या एवढ्या पुण्यकर्मात झाडूवाल्यापासून वरपर्यंत प्रत्येकाचा दर ठरलेला होता, आणि निर्मळ राहायची सक्ती होती ती फक्त देणारीवर.

तिला आत एकटीलाच बोलावलं. मी बाहेर बसलो. बऱ्याच वेळानं ती आली, गाडीत बसली आणि आत काय झालं ते खिडकीचं माप सांगावं तसं तिनं सांगितलं.

आत दोन पुरुष होते आणि एक बाई. नाव, नातं विचारून झालं. मग बाईंनी विचारलं, या बदल्यात तुम्हाला काही मिळणार आहे का? आत्या म्हणाली, "नाही. मागितलं होतं. ते नाही म्हणाले."

एका पुरुषानं लिहिणं थांबवलं. बाईंनी खुर्ची पुढे ओढून खोलीची सगळी हकिकत विचारून घेतली. मग त्यांनी आत्याला सांगितलं, शरीराच्या भागाला किंमत लावायला लागलो की गरिबांचीच शरीरं बाजारात येतात. आत्याला ते पटलं. हमालाचं तेच झालं असतं, असं ती म्हणाली. कुठला हमाल, असं त्यांनी विचारलं नाही.

"पण बाई," आत्या पुढे म्हणाली, "माझ्या भावाची मूत्रपिंडं इतकी वर्षं धडधाकट होती. मी तेव्हाही वरच शिवत होते. तेव्हा त्यानं खोली दिली असती तर तिला कुणी किंमत म्हणालं असतं का?"

बाई माणूस म्हणून चांगल्या असाव्यात. त्या हळूच म्हणाल्या, तुमची इच्छा नसेल तर आम्ही घरी एवढंच कळवतो, की तुम्ही तपासणीत बसला नाहीत. कारण आम्ही कुणालाच सांगत नाही. पुष्कळ जणींसाठी करतो. तुम्हाला घरात कुणी बोलणार नाही.

"मी म्हटलं, नको," आत्या मला म्हणाली. "माझ्या मालात खोट काढू नका. बाई ठणठणीत आहे, पण देत नाही म्हणाली, असं सांगा. जावईबापू, तो सिग्नल सुटला."

घरी ते तसंच कळलं. त्या रात्री मागच्या बिऱ्हाडात आत्यासाठी जे शब्द वापरले गेले, ते मी आधी फक्त भाडेकरूंबद्दल ऐकले होते. दुसऱ्या दिवसापासून पाहुणेरावळ्यांना सांगणं सुरू झालं, की सख्ख्या बहिणीनं भाव सांगितला. हमालाला सांगितलेल्या भावाचा उल्लेख त्यात येत नसे. दादांचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू झालं, ते चालूच राहू शकतं असं डॉक्टर म्हणाले, पण त्यात माणूस पिळून निघतो. लाल गाडी आली. मेहुण्याची पाठ पुन्हा धरल्यामुळे ती मीच चालवतो. आत्याचं मशीन वर चालूच होतं. ठरल्या दिवशी पडदे खाली येत होते, आणि शिलाई गल्ल्यात जात होती.

एका डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी दादा जिना चढून वर गेले. मी हाताला धरून मागे होतो. दर दोन पायऱ्यांवर थांबत ते वर पोचले तेव्हा त्यांनी खोली अशी पाहिली, जणू आपल्या घराला एवढी मोठी खोली आहे हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. कापडाच्या ढिगावर बसले. दम घेऊन म्हणाले, "खोली तुझ्या नावावर करतो. उद्याच करतो."

आत्यानं मशीन थांबवलं. "आता केलीस तर ती किंमत होईल, दादा. समितीला काय सांगू?"

आपल्याच घरातले शब्द परत आलेले पाहून दादा माझ्याकडे बघायला लागले. मी छताकडे पाहिलं.

"मग काय करू म्हणतेस?"

"द्यायची तर बहिणीला म्हणून दे. मूत्रपिंडाचं नाव काढू नकोस. मी देईन का, हे मला विचारायचं नाही, दुसऱ्यानं विचारायचं नाही. मला वाटलं तर मीच त्या बाईंकडे जाईन."

"आणि नाही वाटलं तर?"

"तर भावानं बहिणीला खोली दिली, एवढंच होईल." तिनं सुईत दोरा ओवला. "प्रेमाखातर."

दादा खाली आले आणि घराची बैठक भरली. सासूबाई म्हणाल्या, आधी तिच्याकडून शब्द घ्या. मेहुणा म्हणाला, शब्द घेतला की ती किंमत झाली, आणि हे स्वतःच्याच तोंडून ऐकून त्याचं तोंड कडू झालं. हातचं सोडून द्यायचं आणि हमी कसलीच नाही, हा कुठला व्यवहार, असं मधले काका म्हणत होते. शेवटी, मला आकडेमोड कळते म्हणून मला विचारलं. मी म्हटलं, व्यवहार नाहीच हा. एका बाजूला खोली लिहायची, दुसरी बाजू कोरी सोडायची. यावर सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मीच त्यांच्याकडे मूत्रपिंड मागितलंय.

त्याला आता तीन महिने झाले. खोली दादांच्याच नावावर आहे. डायलिसिसहून परतताना ते लाल गाडीच्या मागच्या सीटवर डोळे मिटून पडलेले असतात, मला वाटतं झोपले. वळण आलं की हळूच विचारतात, आपल्या गल्लीत वरच्या मजल्याचा आजचा भाव काय चाललाय हो?

मी आकडा सांगतो. ते पुन्हा डोळे मिटून घेतात.