रादमिलासाठी बीचचं मेज

आमच्या गावात महिन्याच्या पहिल्या शनिवारी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये हौशी सुतार जमतात. घरी जे काही केलं असेल ते आणायचं आणि मधोमध मांडायचं. कुणी पक्ष्यांचं घरटं आणतो, कुणी नातवाची बर्फावरची घसरगाडी. नियम एकच: करणाऱ्याने आधी स्वतःची चूक सांगायची. ती सांगेपर्यंत कुणी वाहवा करत नाही, की आलुबुखाराच्या घरगुती दारूची बाटली उघडत नाही. मी सव्वीस वर्षं एकच उत्तर देत आलो होतो, "शोधली, सापडली नाही." माझा शेजारी लुबोर, ज्याच्या खुर्च्यांवर बसायला काळीज लागतं, दर वेळी म्हणायचा, "हा ओल्द्रिख स्वतःची शवपेटीही स्वतःच करणार, आणि आतून ओरडणार, चूक नाही!"

यंदाचं मेज मी माझ्या मुलीसाठी केलं होतं. रादमिला ब्रनो शहरात दातांची डॉक्टर आहे. नऊ वर्षांची होईपर्यंत ती माझ्या वर्कशॉपमधून हलायची नाही. मग यायचीच बंद झाली. तेव्हापासून अडतीस वर्षं नाताळला घरी येते, मासा खाते, आईबरोबर भांडी पुसते, पण अंगण ओलांडून माझ्या दारात पाऊल टाकत नाही. पोरींचं मन लाकडात रमत नाही, असं मी जगाला सांगून टाकलं होतं.

गेल्या हिवाळ्याआधी माझ्या बायकोने, क्वेताने, फोनवरचा फोटो माझ्या नाकासमोर धरला. रादमिलाने आपल्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर तीन स्टुलं केली होती. जोड असे, की मध्ये कागद जाणार नाही. मी फोन घेऊन वर्कशॉपमध्ये गेलो आणि रडलो, खोटं कशाला सांगू?

दुसऱ्याच दिवशी माळ्यावरच्या बीच झाडाच्या फळ्या खाली काढल्या. चार वर्षं वाळलेलं, दगडासारखं लाकूड. जेवणाच्या टेबलावर कुणी रंधा मारतं का? तिला खरं सुतारकामाचं मेज हवं होतं, आणि मला ती परत हवी होती. पाच महिने खपलो. उंची किती ठेवायची ते क्वेताला विचारलं. ज्या पोरीसाठी मेज करायचं तिला विचारायचं मला सुचलं नाही. वरची जाड फळी तिच्या खालच्या चार खाचांनी पायांवर नुसती बसवली, सरस लावला नाही, कारण ब्रनोला न्यायला मेज सुटं करावं लागणार होतं.

मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी रादमिला हॉलमध्ये आली. मेजाभोवती एक फेरी मारली, वाकून खालून पाहिलं, फळीवरून तळवा फिरवला.

"चूक सांग, म्हाताऱ्या," लुबोर म्हणाला. "बाटली तापतेय."

"शोधली..." मी सुरुवात केली.

"थांब बाबा," रादमिला म्हणाली. "एकदा चालवून बघू दे."

तिने एक छोटी फळी मेजावर घेतली. तिचं टोक शिकंज्यात, म्हणजे लाकूड आवळून धरणाऱ्या चापात, अडकवलं नाही, नुसतं त्याच्या वर आलेल्या खुंटीला टेकवलं, जसं आपण सगळेच टेकवतो. मग रंधा उचलला. डाव्या हाताने. डावीकडून उजवीकडे ढकलला, आणि ती छोटी फळी खुंटीपासून सुटून, मेजावरून घसरून जमिनीवर आदळली.

शिकंजा मेजाच्या पुढच्या कडेला, डाव्या टोकाशी होता; उजव्या हाताचा माणूस रंधा डावीकडे, खुंटीच्या दिशेने ढकलतो, त्याला लागतो तसा. ती डावखुरी आहे हे गावाला ठाऊक होतं. मला ठाऊक नव्हतं असं नाही. माझ्या लेखी तो विषय मी ती लहान असतानाच मिटवला होता.

"जाऊ दे," ती हळूच म्हणाली आणि रंधा खाली ठेवला. "सुंदर झालंय रे. मी जमवून घेईन." तिने कोट उचलला.

ते "जमवून घेईन" मी आधी ऐकलं होतं. नऊ वर्षांची असतानाही ती हेच म्हणाली होती.

"चूक सांगायची आहे," मी म्हणालो. "मेजाची नाही. ही नऊ वर्षांची होती. करवत डाव्या हातात धरायची. शाळेतही ओरडा बसत होता, म्हटलं घरीच सुधारू. मी तिचा डावा हात एप्रनच्या नाडीने पाठीमागे बांधला, आणि उजव्यात करवत दिली. सगळी सुट्टी. ती रडली नाही, म्हणून मला वाटलं बरं चाललंय. मुलीचं मन लाकडात रमलं नाही असं मी तुम्हाला सांगत आलो, ते खोटं होतं. मीच तिला घालवली. आणि आता पाच महिने खपून पुन्हा तेच केलं."

लुबोरने टोपी काढली आणि मग कुठे ठेवावी ते न कळून परत घातली.

रादमिला कोट हातात धरून उभी होती. मग ती वाकली आणि वरची फळी पायांवर बसते तो जोड बोटाने चाचपला.

"सरस लावलायस का?" तिने विचारलं.

"नाही."

"मग वरची फळी उलटी केली, तर शिकंजा उजवीकडे येईल."

"खालच्या खाचा वर दिसतील. त्यात ठिगळं बसवावी लागतील, आणि जुन्यांपासून चार बोटं सरकून पायांसाठी नव्या चार खाचा."

"मला सोमवारपर्यंत सुट्टी आहे," ती म्हणाली.

मेज माझ्या वर्कशॉपमध्ये परत आणायला सहा जण लागले. लुबोरने बाटली बंदच आणली आणि वर्कशॉपच्या उंबऱ्याशी ठेवून गेला. रविवारी सकाळी आम्ही फळी पायांवरून उतरवली आणि दोन टोकांनी नव्या खाचा कोरायला घेतल्या. ती एका टोकाला, मी दुसऱ्या. तिच्या डाव्या हातातला लाकडी हातोडा पटाशीवर नेमका पडत होता. मी माझी खाच सोडून तिकडेच बघत होतो. जित्याची खोड. तोंडातून निघालंच, "पटाशी जरा उभी धर, पोरी. तिरकी जातेय."

ती थांबली. वर न बघता म्हणाली, "हात बदलू?"

"नको," मी म्हणालो. "नको गं. नको बदलूस."