काकुपेची वाट

एलादियोने विचारलं तेव्हा त्याचा उजवा गुडघा मृणालिनीच्या दोन्ही हातांत होता.

"डॉक्टोरा, मला एक दिवस अनवाणी चालायचं आहे. पहाटेपासून ऊन कलेपर्यंत. हा ऐकेल का?"

"हा" म्हणजे गुडघा. एलादियो त्याच्याबद्दल नेहमी असाच बोलायचा, घरातल्या तिरसट मेहुण्याबद्दल बोलावं तसा.

मृणालिनीने हात न काढता विचारलं, "कशासाठी?"

"कबूल केलंय."

"कोणाला?"

"काकुपेच्या व्हर्जिनला, आमच्या मेरीमातेला," असं म्हणून त्याने गळ्यातलं छोटं पदक बाहेर काढून दाखवलं. निळा शालू नेसल्यासारखी दिसणारी एक बारीकशी देवी. मृणालिनीचा हात आपसूक थांबला.

दुबईतल्या अल कुसैसच्या त्या फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये एरवी यायचे ते पाठ धरलेले अकाउंटंट, मान आखडलेले ड्रायव्हर, बाळंतपणानंतर कंबरेने छळलेल्या बायका. त्यांच्यात हा सहा फुटी पराग्वेचा फुटबॉलपटू उठून दिसे. तो सेंटर बॅक होता, म्हणजे गोलच्या पुढ्यात उभं राहून येईल त्याला अडवणारा. रिसेप्शनवरच्या रत्नागिरीच्या बानूने पहिल्याच दिवशी त्याला विचारलं होतं, "आजवर गोल किती केलेत?" त्याने गंभीर चेहऱ्याने सांगितलं, "सात. त्यातला एक आमच्याच गोलात." बानू हसून हसून बेजार. "मॅडम, हा आपल्यातलाच वाटतो. स्वतःची फजिती स्वतःच सांगतो."

एलादियोचा बाप वीटभट्टीवर कामाला होता. पोरगा आधी गावच्या क्लबात खेळला, मग राजधानीत, मग अर्जेंटिनात चार वर्षं. तिथे नाव झालं, देशाच्या संघातून बोलावणं आलं. आणि २००८च्या उन्हाळ्यात, दुबईत पैशाला तोटा नव्हता तेव्हा, एजंटने इथलं कंत्राट आणलं. देशाच्या कोचने तेव्हाच बजावलं होतं, "तिकडे गेलेल्याला लोक विसरतात. दर आठवड्याला खेळत राहा, माझं लक्ष आहे." एलादियो आला, सामान लावतो न लावतो तोच बाजार कोसळला. त्यानंतर तो दर महिन्याला एकदा तरी म्हणायचा, "मी अर्जेंटिना सोडायला नको होतं, डॉक्टोरा."

आता २००९चा नोव्हेंबर उजाडला होता. पराग्वे पुढच्या जूनमधल्या वर्ल्ड कपला पात्र ठरलं होतं. पहिले तीन सेंटर बॅक पक्के होते, चौथा ठरायचा होता, आणि तो एलादियो असण्याची बरीच शक्यता होती. वय एकतीस. पुढच्या वर्ल्ड कपपर्यंत कोणी त्याची वाट बघणार नव्हतं. मे महिन्यापर्यंत मैदानात दिसत राहायचं, एवढीच अट.

आणि नेमकी उजव्या गुडघ्यातली गादी कडेने फाटली होती. क्लबच्या डॉक्टरला सांगावं तर ते मॅनेजरच्या कानावर जाणार. क्लबला परदेशी खेळाडू मोजकेच ठेवता येत आणि जानेवारीत ती यादी बदलता येई. क्लबच्या बिल्डर मालकाचे अर्धे टॉवर क्रेनसकट बंद पडलेले असताना गोल करणाऱ्याला सोडून गोल अडवणाऱ्याला कोण ठेवील? म्हणून तो गुपचूप इथे येई.

मृणालिनीने पहिल्याच आठवड्यात त्याला सांगितलं होतं, "मॅचच्या दिवशी खेळा. बाकीचे दिवस याला झोपू द्या. जिनासुद्धा चढू नका. मी याला जूनपर्यंत नेते." आणि ती नेतही होती. आपल्या हातांचा तिला थोडा अभिमान होता.

"कबूल काय केलंत?" तिने विचारलं.

"देश पात्र ठरला तर आठ डिसेंबरला, तिच्या सणाला, माझ्या गावापासून तिच्या देवळापर्यंत अनवाणी येईन म्हणून. मॅनेजरकडे सुट्टी मागितली. त्या आठवड्यात शुक्रवारी मॅच आहे. तो म्हणाला, हबीबी, देव काय फक्त तुमच्याच देशात आहे? मी विचार केला, खरंच की. तेवढंच अंतर मी इथे चालीन. ममझरच्या किनाऱ्याने, जाऊन येऊन, जाऊन येऊन."

फिजिओचं उत्तर तिच्या जिभेवर तयार होतं. नाही. पण ते ओठांतून बाहेर पडेना.

कारण मृणालिनी व्रतावैकल्यांत वाढलेली. सकाळी श्रीसूक्त म्हटल्याशिवाय ती पाण्याचा घोट घेत नसे. तिची मुलगी आभा दिवस भरण्याआधीच झाली, काचेच्या पेटीत होती, तेव्हा ती सोळा सोमवार बोलली होती. अंगात ताप, डॉक्टर उपास नको म्हणताहेत, तरी तिने ते केले होते. आणि आभा जगली. ज्या बाईने हे केलं तिने दुसऱ्याला कोणत्या तोंडाने सांगावं, की देवीला दिलेला शब्द मोड?

"उद्या सांगते," ती म्हणाली.

घरी तिचा नवरा चारुदत्त सोफ्यावर लॅपटॉप मांडून बसला होता. त्याच्या कंपनीचं काम थांबल्यापासून तो अर्ध्या पगारावर घरूनच अर्ज पाठवायचा, आणि सगळ्या जगावर थोडा थोडा चिडलेला असायचा. तिने सांगितलं ते त्याने ऐकून घेतलं.

"तू त्याची फिजिओ आहेस की भटजी?"

"नवस आहे हो तो."

"मग? जूननंतर देवी घर बदलणार आहे का? तेव्हा जा म्हणावं."

"असं बोलू नये," म्हणून ती आत गेली. तो बोलला ते खरं होतं. पण चेष्टेने बोलला, म्हणून तिने ते मनाला लावून घेतलं आणि त्यातला अर्थ सोडून दिला.

दुसऱ्या दिवशी तिने एलादियोला सांगितलं, "चाला. पण टेप मी बांधणार."

त्याने पदक ओठांना लावलं. तो गेल्यावर बानू जवळ आली.

"मॅडम, काल-परवापर्यंत तुम्ही त्याला जिना चढू देत नव्हता."

"देवाचं काम आहे गं."

"देवाचंच आहे. पण गुडघा त्याचा आहे ना?"

मृणालिनीने पुढच्या पेशंटची वेळ विचारली.

आठ डिसेंबर मंगळवारी आला. तिने लवकर स्नान केलं, दिवा लावला आणि टॅक्सी करून ममझरला गेली. एलादियो बाकावर पँट दुमडून बसला होता, बूट शेजारी नीट जोडून ठेवलेले. तिने वाळूत गुडघे टेकून टेप बांधली. इतकी सुबक टेप तिने आयुष्यात कुणाला बांधली नसेल. मग तो उठला, छातीवर क्रुसाची खूण केली आणि समुद्र उजव्या हाताला ठेवून चालू लागला. ती तिथेच थोडा वेळ उभी राहिली. देवळातून बाहेर पडताना होतं तसं मन हलकं झालं होतं. आपलंच काहीतरी पार पडतंय, असं तिला वाटत होतं.

संध्याकाळी तो क्लिनिकवर आला तो बानूच्या खांद्याचा आधार घेऊनच. तळव्यांना फोड येऊन फुटलेले. चेहरा मात्र शाळेतून बक्षीस घेऊन आलेल्या पोरासारखा.

"पोचलो, डॉक्टोरा."

तिने टेप सोडली. गुडघा पपनसाएवढा झाला होता. तिने बर्फ मागवला, बोटांनी कडेकडेने चाचपलं, आणि गादीच्या फाटलेल्या कडेवर बोट आल्याबरोबर तिला कळलं, फाट वाढली आहे. काल जे बोटाला लागत नव्हतं ते आज लागत होतं.

"शुक्रवारी खेळू नका."

"नाही खेळलो तर का नाही म्हणून विचारतील."

शुक्रवारी तो खेळला. उत्तरार्धात लांबून आलेल्या चेंडूमागे धावताना तो वळला आणि तिथेच बसला. जवळपास कुणी नव्हतं, कुणी धक्काही दिला नव्हता. गुडघा अडकला तो अडकलाच. स्ट्रेचर आलं. मग क्लबच्या डॉक्टरांनी एमआरआय काढला, जुनी फाट दिसली, नवी दिसली. जानेवारीत यादी लागली तेव्हा एलादियोच्या जागी गोल करणाऱ्या एकाचं नाव होतं. ऑपरेशन झालं. त्याच्या देशातल्या जुन्या क्लबने प्रेमाने कळवलं, बरा हो आणि जुलैत ये. वर्ल्ड कप जूनमध्ये होता.

मृणालिनीने सांगलीला सासूबाईंना फोन लावला. रोज लावायची, पण हे सांगायला तिने बरेच दिवस घेतले. सासूबाईंनी मध्ये न बोलता सगळं ऐकलं.

"अगं, मग तू का नाही चाललीस?"

"मी?"

"आजारी माणसाचा नवस घरच्या कुणीही फेडावा. देव काय पायांचे ठसे तपासतो होय? तुझे शेवटचे दोन सोमवार चारूने नव्हते का केले? तू सलाइनवर होतीस तेव्हा."

मृणालिनीच्या आठवणीत सोळाच्या सोळा सोमवार तिचेच होते. किती वर्षं ती ही गोष्ट बायकांना तशीच सांगत आली होती. चारुदत्तनेही कधी दुरुस्त केलं नव्हतं.

"पण सासूबाई, तो काय आपल्या घरचा थोडाच?"

"म्हणून त्याला चालू दिलंस का?" सासूबाईंच्या आवाजात राग नव्हता. मग त्यांनी आभाच्या खोकल्याची चौकशी केली.

फोन ठेवल्यावर ती स्वयंपाकघरात नुसती उभी राहिली. त्या मंगळवारी तिला ममझरचा किनारा सहज पार करता आला असता. पायही धडधाकट होते आणि क्लिनिकमधून रजाही मिळाली असती. देवीपुढे उभं राहून म्हणायचं, हे त्याच्या नावाने. एवढंच. दुसऱ्याचा नवस आपण फेडू शकतो हे तिला माहीत नव्हतं असंही नाही. पण तो विचार तिने मनात येऊच दिला नाही, कारण टेप बांधताना मिळणारं समाधान तिला पुरेसं झालं होतं.

फेब्रुवारीत तो निरोप घ्यायला आला, कुबड्यांवर. बानूसाठी चॉकलेटचा डबा आणला होता. बानूने डबा उलटसुलट करून पाहिला, "पन्नास दिरहॅम! साडेसहाशे रुपये! खायचा की तिजोरीत ठेवायचा?" म्हणाली आणि डोळे पुसत चहा सांगायला गेली.

एलादियो खुर्चीत बसला. "एक विचारतो. खरं सांगा. मी चाललो नसतो तर हा जूनपर्यंत टिकला असता?"

गादी आधीच फाटली होती, कधी ना कधी अडकणारच होती, असं सांगता आलं असतं. ते अगदीच खोटंही नव्हतं. तो तिच्याकडे बघत होता, आणि त्याला तसलंच काही ऐकायचं असावं असं तिला वाटलं.

"टिकला असता," ती म्हणाली.

त्याने मान हलवली. बराच वेळ कुबडीच्या मुठीवरचं रबर सारखं करत राहिला.

"बरं झालं. आधीच मोडलेला गुडघा दिला असता तर व्हर्जिन काय म्हणाली असती?" त्याने हसायचा प्रयत्न केला, पण हसू अर्ध्यावरच राहिलं.

आता मृणालिनीला राहवेना. "आमच्यात असं आहे, एलादियो. आजारी माणसाचा नवस दुसऱ्याने फेडला तरी देवाला चालतं. मी तुमच्याऐवजी चालायला हवं होतं. मला ते माहीत होतं आणि मी बोलले नाही."

"आमच्यातही आहे," तो म्हणाला. "आया मुलांसाठी चालतात. माझी आई असती तर तीच चालली असती. मला नसतं चालू दिलं तिने." मग जरा थांबून, वेळ विचारल्यावर सांगावी तितक्या साधेपणाने तो म्हणाला, "तुम्ही विचारलं असतंत तर मी हो म्हटलं असतं, डॉक्टोरा."

त्यात दोष देणं नव्हतं. असतं तर तिला काहीतरी उत्तर देता आलं असतं. तिने त्याची फाइल पाकिटात घातली, घरी करायचे व्यायाम पुन्हा एकदा समजावले. तिने वाकून नमस्कार केला, तो गोंधळला आणि त्यानेही तसाच केला. बानू त्याला खाली टॅक्सीपर्यंत सोडून आली.

जूनमध्ये घरात टीव्हीसमोर सगळेच बसले होते. चारुदत्तला एव्हाना अबुधाबीत काम मिळालं होतं, तो दर गुरुवारी संध्याकाळी सुट्टीला घरी येई. पराग्वेचे खेळाडू राष्ट्रगीताला रांगेत उभे राहिले. कॅमेरा एकेका चेहऱ्यावरून सरकला, मग बाकावर बसलेल्यांवरून.

"मम्मा, व्हिच वन इज युअर पेशंट?" आभाने विचारलं.

"तो नाही यांच्यात."

"बट यू सेड ही वॉज रियली गुड."

"होता."

"देन व्हाय इजन्ट ही देअर?"

चारुदत्तने रिमोट हातात घेतला. नोव्हेंबरातलं आपलं बोलणं तो कधीच पुन्हा उगाळला नव्हता, आजही नाही. "दुसरं काहीतरी लावू का?" त्याने हळूच विचारलं.

"नको," मृणालिनी म्हणाली. मग आभाकडे वळून, "त्याचा गुडघा मी सांभाळायला हवा होता. नाही सांभाळला."

पडद्यावर कोपऱ्यातून उंच चेंडू आला. गोलच्या पुढ्यात उभ्या असलेल्या एका धिप्पाड खेळाडूने उडी मारून तो डोक्याने दूर परतवला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, खेळ पुढे सरकला. मृणालिनी शेवटच्या शिट्टीपर्यंत जागची उठली नाही.