टोरांटो ते बदनापूर

शनिवारी सकाळी सात वाजता इस्माईलभाई चहाची बशी खाली ठेवून भिंतीला टेकले, ते उठलेच नाहीत. बदनापुरात तीस वर्षं त्यांनी फवारणीचे पंप दुरुस्त केले होते. सुगराबीने त्यांचे डोळे मिटले आणि दिराला, हारुनला, हाक मारली.

घर माणसांनी भरलं. थोरला मुलगा जीशान कॅनडात, टोरांटोला. त्याच्यासाठी थांबायचं की नाही, यावर अंगणात चर्चा सुरू झाली. हारुनने मोबाईलवर शोधलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं, "टोरांटो ते मुंबई साडेबारा हजार किलोमीटर. चौदा तास."

चौदा तास म्हणजे काही फार नाही, असं सगळ्यांचं मत पडलं. उद्या सकाळी माती करू, असं ठरतही आलं.

तेवढ्यात जीशानचा फोन आला.

"चाचा, ते सरळ रेषेतलं अंतर आहे. मध्ये एका ठिकाणी उतरावं लागतं."

"पण मोबाईल तर चौदाच सांगून राह्यला."

"मोबाईलला विमान बदलावं लागत न्हाई, चाचा."

सुगराबीने फोन घेतला. "मला किलोमीटर नको सांगू. तू दारात कधी येशील?"

जीशानने वेळा जुळवून पाहिल्या. "इथं आत्ता रात्र आहे, आजचं विमान गेलं. उद्याच्या संध्याकाळचं मिळालं तर मुंबईपर्यंत वीस तास. मंग गाडीनं पुढं. सोमवारी सकाळी दहा."

सुगराबीने बाहेर पाहिलं. आठ वाजायचे होते आणि पत्रे आताच तापले होते.

"मंग माती आजच, दुपार कलल्यावर, असरच्या नमाजनंतर," ती म्हणाली.

"अम्मी, बर्फ आणून ठेवता येईल."

"त्यांना थंडी सोसत न्हाई."

मग त्याने विचारलं, "मंग आता येऊन काय करू?"

"मी आहे ना इथं. ये."

सोमवारी पावणेदहाला जीशान दारात उतरला. हारुन त्याला कब्रस्तानात घेऊन गेला. परत आल्यावर तो आईजवळ खाली बसला.

"माती झाली तेव्हा मी अजून घरीच होतो. बॅग भरून राह्यलो होतो."

"काय आणलं?"

त्याने बॅगेतून एक खोकं काढलं. "अब्बांचे बूट. मागंच घेतले होते. ते आता न्हाईत, हे भरताना ध्यानातच आलं न्हाई."

सुगराबीने एक बूट उलटा करून नंबर पाहिला. आठ. बराबर आणला होता. मग तिला दोन दिवसांत पहिल्यांदा रडू आलं, आणि ती चांगला अर्धा तास रडली. जीशान बूट हातात धरून बसून राहिला. शेजारच्या द्वारकाबाई भाकरी-पिठलं घेऊन आल्या, तेव्हा दोघं जेवले.