रिकाम्या पाटावरचा काळोख

बोईसरात काळोखाची पारख ललितइतकी दुसऱ्या कुणाला नव्हती, आणि हे गावाला त्यानेच सांगितलेलं. लग्नाच्या व्हिडिओंना रंगरूप देण्याची त्याची खोली म्हणजे राखाडी भिंती आणि खिडकीला जाड काळे पडदे. भर दुपारी आलेलं गिऱ्हाईक चाचपडत खुर्ची शोधी. लख्ख उजेड आणि गडद काळोख दोन्ही दाखवणारा नवा एचडीआर मॉनिटर आल्यापासून तर त्याचे पाय जमिनीला लागत नव्हते. मॉनिटरच्या छातीवर उजेड मोजायचं मीटर टांगायचं, पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतचे चौकोन एकेक करून दाखवायचे आणि मधल्या छटांचा चढ ठरवणारी गॅमाची कमान जागेवर आणून बसवायची, ही त्याची रोजची पूजा. “डोळा लाच खातो, मीटर खात नाही,” असं तो म्हणे.

जवळच्या मुरबे गावातल्या सुलूवहिनींचा नवरा अंकुश मासेमारी सोडून कारखान्यात लागला, आणि एके दिवशी शिफ्टच्या बसने गेला तो परतलाच नाही. भावकीने त्याला मनातून केव्हाच मारून टाकलं होतं. वहिनींनी कुंकू पुसलं नाही. मुलीच्या कन्यादानाला दीर-जावेने बसावं असं ठरलं, तर ही बाई स्वतःच जाऊन बसली आणि शेजारचा पाट नवऱ्यासाठी रिकामा ठेवला. मांडवातला नेमका तिथला दिवा गेला होता, म्हणून व्हिडिओत त्या पाटावर मिट्ट काळोख.

“तेवढं कापून टाक,” ललितच्या खोलीत वहिनींशेजारच्या खुर्चीत बसलेला दीर झुंबर म्हणाला. “घरी मोठ्या टीव्हीवर लावणार हाय. लोकं हसतील.”

“कापायचं नाय. उजेड कर तिथं, ललितभाऊ. तो बसला होता. माज्या खांद्याला खांदा लागत होता त्याचा.”

“आन् कोन नाय दिसला तर कुंकू पुसशील, वहिनी?”

“पुसीन. दिसला तर त्याला मेलेला म्हनायचं नाय, तुजी जीभ हाय तवर.”

ललितने गालातल्या गालात हसत फक्त पाटापुरता चौकोन आखला आणि काळोख उजळवायची टेबलावरची चकती हळूहळू फिरवली. आधी नुसती रवाळ धूळ. मग पाटाची कड. मग धोतराची निरी, आणि मांडीवर निवांत ठेवलेला पुरुषाचा हात.

झुंबर खुर्चीतून पुढे वाकला. ललितला मात्र वेगळंच खटकलं: चौकोनाबाहेरच्या वहिनींच्या शालूची जर विझली होती. चित्र फार उजळलं की असले मॉनिटर स्वतःला जपायला आपोआप मंद होतात, हे त्याला ठाऊक होतं. त्याने ती सोय बंद केली. शालू तसाच विझलेला. शेवटी मीटर टांगून पाहिलं. पाटावर जेवढा उजेड चढत होता तेवढाच, तंतोतंत, वहिनींच्या अंगावरून उतरत होता. चकती मागे घेतली, वहिनी उजळल्या, हात गेला.

“वहिनी, पुढे नेलं तर तुम्ही दिसेनाशा व्हाल.”

“चेहरा आला का त्याचा?”

“अजून नाही.”

“मंग फिरव की.”

खांदे आले. गळ्यातली माळ आली. व्हिडिओत वहिनींच्या जागी आता शालूएवढा काळोख बसला होता.

“पुरे, वहिनी,” झुंबरचा आवाज चिरका झाला. “मी मानतो. हाय तो. जिता हाय.”

“तुज्या मानन्याला काय चाटू? भावकीला चेहरा दिसला पायजे.”

ललितने मागे वळून पाहिलं. मॉनिटरचा उजेड झुंबरच्या कपाळावरच्या घामावर पडला होता, त्याच्या शेजारच्या वहिनींच्या खुर्चीच्या चारही पायांवर पडला होता. खुर्चीत मात्र काहीच उजळत नव्हतं. त्याने चकतीवरचा हात चटका बसल्यासारखा काढून घेतला आणि म्हणाला, “माझ्याच्याने नाही होणार.”

“सरक,” सुलूवहिनी त्याच्या अगदी कानाशी म्हणाल्या.

चकतीवर कुणाचाच हात दिसत नव्हता. ती फिरत होती.