तिसरा डबा

माझा रंगाचा धंदा. भिंतीचे रंग मिसळून द्यायचं काम मी अडतीस वर्षं केलं. हाताखालच्या माणसाचा एक थेंब जास्त पडला तरी मी अख्खं दुकान डोक्यावर घ्यायचो. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे मला किती लाज वाटली असेल ते कळेल.

आमच्या घरी साहेब येऊन साडेतीन महिने झाले होते. साहेब म्हणजे माझा नातू. लेकीचं दूध पुरेना म्हणून डब्याचं सुरू केलं आणि साहेबांचं पोट बिनसलं. पहिल्या डब्यानं उलट्या, दुसऱ्यानं पोट टम्म. पाय पोटाशी घेऊन असे किंचाळायचे की शेजारची दारं उघडायची. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि म्हणाल्या, "याला साधं दूध पचत नाहीये. आता हा तिसरा डबा. यात दुधातली प्रथिनं आधीच फोडून ठेवलेली असतात. दोन आठवडे फक्त हेच द्या. रोज शीचा रंग लिहून ठेवा, मग बघू."

त्या डब्याला ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येत होता. साहेब तोंड वाकडं करून का होईना, प्यायचे.

दोन आठवड्यांनी लेकीची रजा संपत होती. दिवसभर साहेबांना सांभाळायचं मी आणि आमच्या हिनं कबूल केलं होतं. पण लेकीनं स्पष्टच सांगितलं, "याचं पोट जागेवर आलं नाही, तर मी नोकरी सोडतेय." पूल बांधणाऱ्या कंपनीत ती नकाशे तपासते. त्यासाठी तिनं काय काय खस्ता खाल्ल्या ते मी पाहिलंय. तिनं ती नोकरी सोडली असती, तर मला अन्न गोड लागलं नसतं.

सराव म्हणून तिनं पाळ्या लावल्या. सोमवार ते बुधवार बाटली मी करायची, गुरुवार-शुक्रवार हिनं, शनिवारी लेकीनं आणि रविवारी जावयानं. तक्ता फ्रिजवर चिकटवला आणि खाली लाल शाईनं लिहिलं, 'कुणीही डोकं चालवू नये.'

रंगावरून पहिल्याच दिवशी वाजलं. ही म्हणाली पिवळा, लेक म्हणाली हिरवट, जावई म्हणाला खाकी. मला राहवेना. "पिवळा म्हणजे कुठला पिवळा? पिवळे शंभरावर आहेत!" असं म्हणून मी दुकानातून शेडकार्ड आणलं आणि रोज लंगोट उजेडात धरून छटेचा नंबर लिहू लागलो. ही म्हणाली, "अहो, हात तरी धुवा."

चौदा दिवस झाले तरी साहेब काही शांत होईनात. दवाखान्यात लेक रडवेली होऊन बसली. "आता चौथा डबा द्या, डॉक्टर. नाहीतर मी घरीच बसते."

मी छाती पुढे काढून माझा कागद टेबलावर ठेवला. डॉक्टरीणबाई आधी खळखळून हसल्या. मग त्यांचं बोट एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर फिरायला लागलं आणि हसू थांबलं.

"आजोबा, दूध रोज एकच आहे ना?"

"एकच. का?"

"दोन्ही आठवडे सोमवार ते बुधवार एक नंबर, आणि पुढे 'फार कुंथतो'. गुरुवार-शुक्रवार वेगळा. शनिवारी आणखी वेगळा. रविवारचा तर कुणाशीच जुळत नाही. वार बघून शी करणारं बाळ मी पहिल्यांदाच बघतेय."

हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! सोमवार ते बुधवार म्हणजे मीच. गप्प बसलो असतो तर वाचलो असतो, पण लेकीचा चेहरा बघवेना.

"मी चमचा शीग लावून भरत होतो," मी म्हणालो.

"बाबा! सपाट भरायचा असतो! डब्यावर चित्रसुद्धा आहे!"

"पाहिलं गं. पण एवढासा जीव, आणि आपण वरचं पुसून परत डब्यात टाकायचं? मला ती कंजुषी वाटली."

"अति तिथे माती, आजोबा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पावडर जास्त झाली की पाण्याचं माप बिघडतं. पोराला त्रास होतो, आणि कधीकधी फार होतो."

मी मान खाली घातली. लेक माझ्यावर भडकणार, एवढ्यात ही खाकरली. "मी बडीशेपेचं पाणी घालत होते. पोटाला बरं म्हणून. दोनच चमचे."

जावयानं आढ्याकडे पाहिलं. "मी चिमूटभर साखर. मी ते दूध चाखलंय हो. कुणी पिणार नाही."

आता सगळे लेकीकडे बघायला लागलो. लाल शाई तिची होती. ती बराच वेळ पिशवीची चेन लावत बसली. "एकदम बदल नको, म्हणून मी अर्धा चमचा जुन्या डब्यातली..."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे चौदा दिवसांत या बाळानं तिसऱ्या डब्याचं दूध धड एकदाही प्यायलेलं नाही! चौथा कसला मागताय? आधी तिसरा तर पाजा!"

पहिली लेकच हसली. मग आम्ही सगळेच हसलो, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. साहेब आमच्याकडे टकामका बघत होते.

लेकीनं कशीबशी आठवडाभर रजा वाढवून घेतली. त्या आठवड्यात आम्ही एकमेकांवर चोरासारखी नजर ठेवली. आधी मोजून पाणी, मग सपाट चमचे, बस. चौथ्या दिवशी कुंथणं थांबलं. सहाव्या दिवशी साहेब दूध पिऊन किंचाळण्याऐवजी चक्क पंख्याशी गप्पा मारत पडले. कागदावर रोज एकच नंबर येऊ लागला, आणि वजनाचा काटाही हलला.

सोमवारी सकाळी लेक कामाचे कपडे घालून तयार झाली. मी आदल्या दिवसापासून मनात घोळवलेलं बोलून टाकलं. "बाटली तुझ्या आईलाच करू दे. माझ्यावर भरवसा नको ठेवूस."

ती बुटाची नाडी बांधत होती. वर न बघता म्हणाली, "चौघांनी लबाडी केली, बाबा. पण कुणी विचारलं नसताना पहिलं कबूल कुणी केलं?"

तिनं साहेबांना माझ्या मांडीवर ठेवलं, एकही सूचना दिली नाही आणि जिना उतरून गेली. मी खिडकीतून पाहत होतो. कोपऱ्यापर्यंत ती एकदाही मागे वळली नाही. इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता, पण तो करत बसायला वेळ कुठे होता? साहेबांना भूक लागली होती.